हेडरखालची पांढरी पट्टी: एका वेबसाइटवरील नकोशा मोकळ्या जागांचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका प्रशिक्षण संस्थेच्या वेबसाइटचे आहे. ओळख पटू नये म्हणून संस्थेचे आणि वापरलेल्या सॉफ्टवेअरचे नाव वगळले आहे. साइट ड्रॅग-अँड-ड्रॉप पद्धतीच्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये बांधलेली होती. मुखपृष्ठ, अभ्यासक्रम, शिक्षकांची ओळख, सूचना, संपर्क अशी चाळीसेक पाने होती. मूळ मांडणी करणारी व्यक्ती केव्हाच दुसरीकडे गेली होती. मजकूर बदलण्याचे काम संस्थेच्या समन्वयक बाई करत. मांडणीत काही अडले की अर्धवेळ काम करणाऱ्या एका डिझायनरला बोलावले जाई.

एक तांत्रिक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचा बराच गोंधळ तिच्यामुळे झाला. साइटवरची जुनी पाने सॉफ्टवेअरच्या जुन्या रचनेत होती. तिथे सेक्शन, म्हणजे पानाचा एक आडवा भाग, हा साधा ब्लॉक असतो आणि आतले घटक एकाखाली एक रचले जातात. नंतरची पाने नव्या रचनेत होती. तिथे प्रत्येक सेक्शन फ्लेक्स कंटेनर, म्हणजे आतल्या घटकांची मांडणी स्वतः सांभाळणारी चौकट, असतो. संपादकाच्या पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण मोकळ्या जागेचा हिशोब दोन्हीकडे वेगळा चालतो.

समस्या

अभ्यासक्रमांची नावे लांबलचक होती आणि शीर्षक तीन-तीन ओळींत जात असे. म्हणून समन्वयकांनी साइटच्या सामाईक सेटिंगमध्ये मुख्य शीर्षकाचा आकार ४८ पिक्सेलवरून ३६ केला. बदल अगदी साधा आणि समंजस होता. पण तो प्रसिद्ध होताच जवळपास प्रत्येक पानावर शीर्षकाची वरची कड वर चिकटून राहणाऱ्या हेडरखाली, म्हणजे पानाच्या माथ्यावरच्या भागाखाली, गेली. मजकूर देवनागरीत असल्यामुळे वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार नेमके तिथेच कापले गेले. फोनवरही तोच प्रकार होता.

तक्रारी सुरू झाल्यावर साइट बारकाईने पाहिली गेली आणि आधीपासून सोसलेल्या इतर गोष्टीही पुढे आल्या. फोनवर पान आडवे सरकत होते आणि उजवीकडे रिकामा पट्टा दिसत होता. शिक्षकांच्या रंगीत चौकटींत फोटोखाली चार-पाच पिक्सेलची फट होती. एका अभ्यासक्रमाच्या पानावर फोनमध्ये मधोमध अर्धा पडदा भरेल एवढी पोकळी होती. सूचनांच्या पानावर परिच्छेदांमधले अंतर कुठे एवढेसे, तर कुठे तिप्पट होते.

शीर्षक अचानक वर का सरकले? सेक्शनच्या सेटिंगमध्ये याचे उत्तर होते. जवळपास प्रत्येक पानाच्या पहिल्या सेक्शनला वरचे मार्जिन (चौकटीबाहेरची मोकळी जागा) वजा ४८ पिक्सेल दिलेले होते, आणि फोनसाठी वेगळे, वजा ३२. कधीतरी हेडरखाली एक पांढरी पट्टी दिसत होती. सेक्शनचे मार्जिन शून्य करूनही ती जाईना, म्हणून कुणीतरी ती मायनस मार्जिनने ओढून झाकली होती. शीर्षक हेडरला चिकटल्यासारखे दिसे, पण पट्टी गेली म्हणून ते चालवून घेतले गेले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे वजा ४८ चे वजा ३६ करणे. समन्वयकांचा कल सुरुवातीला इकडेच होता, आणि त्यामागे कारण होते. प्रवेशाचा काळ तोंडावर आला होता आणि साइट मोडलेली दिसणे परवडणारे नव्हते. पण डिझायनरने एक प्रश्न विचारला. शीर्षकाचा आकार बदलल्यावर पट्टीची उंची बदलली असेल, तर ती पट्टी सेक्शनची आहेच कुठे? ज्या जागेचा मालक माहीत नाही, तिच्यावर दुसरा आकडा लावला तर पुढच्या बदलाला पुन्हा हेच होणार. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा क्षण हाच होता.

दुसरा पर्याय होता नव्या टेम्प्लेटवर सगळी साइट पुन्हा बांधण्याचा. तो मोहात पाडणारा असतो, पण मजकूर नव्या साइटवर नेताना जुन्या ओळी, रिकामे परिच्छेद आणि हाताने दिलेले आकडे सोबतच जातात. कारण न कळता घर बदलले तर रोग सोबत येतो.

तिसरा पर्याय एखाद्या मंचावर सहज मिळणारा: स्टाइलशीटमध्ये (पानांच्या रूपाचे नियम असलेल्या फाइलमध्ये) सर्व घटकांचे मार्जिन आणि पॅडिंग (चौकटीच्या आतली मोकळी जागा) शून्य करायचे आणि त्यावर 'इम्पॉर्टंट'चा, म्हणजे बाकी नियमांवर मात करणारा, शिक्का मारायचा. पट्टी यानेही गेली असती. पण यादीच्या टिंबांचा समास, मेनूच्या उघडणाऱ्या पट्ट्या, फोटोंचा स्लायडर यांची आतली रचना मार्जिन-पॅडिंगवरच उभी असते. शिवाय 'इम्पॉर्टंट' असलेल्या नियमापुढे संपादकाच्या पॅनेलमधला आकडा बदलूनही काही होत नाही. मजकूर सांभाळणाऱ्या माणसाच्या हातातून साइट काढून घेणारा उपाय म्हणून तो फेटाळला गेला, आणि ते योग्यच झाले.

चौथा पर्याय निवडला गेला: पानाची प्रत काढायची, तिच्यावर प्रत्येक मोकळ्या जागेचे कारण शोधायचे, ठिगळ काढून कारण दुरुस्त करायचे आणि मग मूळ पान बदलायचे. सुरुवात मुखपृष्ठ आणि एका अभ्यासक्रमाच्या पानापासून करायची. दरम्यान चालू साइटवर शीर्षकाचा आकार तात्पुरता ४८ वर परत नेला. शीर्षके पुन्हा तीन ओळींत गेली, पण निदान वाचता येत होती.

पट्टी कोणाची?

क्रोम ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये, म्हणजे पानाची रचना तपासण्याच्या साधनांत, घटकावर माउस नेला की मार्जिन नारिंगी, पॅडिंग हिरवे आणि आशय निळा दिसतो. डिझायनरने प्रतीवरचे मायनस मार्जिन काढले आणि पट्टी परत आली. सेक्शनवर माउस नेला तर नारिंगी काहीच नाही. सेक्शनचे मार्जिन खरोखर शून्य होते. मग आतल्या एकेका घटकावर उतरत गेल्यावर शीर्षकापाशी नारिंगी पट्टा दिसला, आणि तो सेक्शनच्या चौकटीबाहेर, वर आलेला होता.

याला मार्जिन कोलॅप्स म्हणतात. ब्लॉक घटकाला वरून पॅडिंग किंवा बॉर्डर नसेल, तर त्याच्या पहिल्या अपत्याचे, म्हणजे आतल्या पहिल्या घटकाचे, वरचे मार्जिन आत न राहता पालकाच्या मार्जिनमध्ये मिसळते आणि पालकालाच खाली ढकलते. सेक्शनचा रंग मग त्या जागेवर पसरत नाही आणि मागचे पांढरे पान दिसते. हा नियम १९९६ च्या पहिल्या सीएसएसपासून (वेबपानांचे रूप ठरवणाऱ्या भाषेपासून) आहे. एकाखाली एक परिच्छेद आले की त्यांच्यातले अंतर दुप्पट होऊ नये, ही त्यामागची सोय. लेखासाठी ती उत्तम आहे, पण रंगीत सेक्शनांच्या पानावर तीच अडचण होते. सीएसएसचे नियम ठरवणाऱ्या कार्यगटाने आपल्याच रचनेतल्या चुकांची यादी जाहीर केली आहे. एकाच डब्याची वरची आणि खालची मार्जिने आपोआप एकमेकांत मिसळू द्यायला नको होती, हे त्या यादीत नोंदवलेले आहे.

खात्री करण्याची एक सोपी चाचणी आहे. पालकाला वरून फक्त १ पिक्सेल पॅडिंग द्या. पांढरी पट्टी नाहीशी होऊन तेवढीच जागा सेक्शनच्या रंगात आत दिसू लागली, तर कारण कोलॅप्सच आहे. इथे तसेच झाले.

आता आकड्यांचा उलगडा झाला. टेम्प्लेटमध्ये शीर्षकाचे वरचे मार्जिन पिक्सेलमध्ये नसून १ एम होते, म्हणजे अक्षराच्या आकाराइतके. अक्षर ४८ पिक्सेलचे असताना पट्टी ४८ ची होती. धन आणि ऋण मार्जिन एकत्र मिसळताना त्यांची बेरीज होते, त्यामुळे वजा ४८ शी तिचा हिशोब बरोबर शून्य येत होता. अक्षर ३६ चे झाले आणि बेरीज वजा १२ वर आली. तेवढे १२ पिक्सेल शीर्षक हेडरखाली गेले. फोनवर ३२ चे २४ झाले आणि तिथे ८ पिक्सेल गेले.

नव्या रचनेच्या पानांवर आणखी एक नुकसान झाले होते आणि ते कुणाच्या लक्षातच आले नव्हते. फ्लेक्स कंटेनरमध्ये मार्जिन कोलॅप्स होत नाही, म्हणजे तिथे पट्टी कधीच नव्हती. पण पहिला सेक्शन जुन्या पानावरून कॉपी होत गेला आणि त्याच्यासोबत वजा ४८ देखील गेले. त्याने सेक्शनचा वरचा भाग हेडरखाली ओढला. बॅनरच्या फोटोत उभ्या माणसांची डोकी कापलेली दिसत होती, आणि इतके दिवस त्याचा दोष फोटोला दिला जात होता. नवे फोटोही मागवून झाले होते.

उपाय दोन्ही रचनांना एकच ठरला: शीर्षकाचे वरचे मार्जिन शून्य आणि सेक्शनला वरून ४८ पिक्सेल पॅडिंग. पॅडिंग कधीच कोलॅप्स होत नाही. ते ज्याचे त्याच्याच आत राहते.

आडवे सरकणारे पान

हेडरनंतर सर्वांत जास्त वेळ इथे गेला. आडव्या सरकण्याचा दोषी घटक डोळ्यांनी सापडत नाही, कारण तो अनेकदा पारदर्शक असतो. डिझायनरने सर्व घटकांना तात्पुरती लाल आउटलाइन दिली. बॉर्डर न देता आउटलाइनच द्यायची, कारण आउटलाइन जागा घेत नाही आणि मापे तशीच राहतात. पडद्याबाहेर गेलेल्या लाल रेघा लगेच दिसल्या.

दोषी दोन निघाले. संगणकावर बॅनरची रुंदी १०० व्हीडब्ल्यू, म्हणजे खिडकीच्या पूर्ण रुंदीएवढी, होती. स्क्रोलबार जागा घेत असेल तर या मापात त्याचीही रुंदी धरली जाते, त्यामुळे पान तेवढेच रुंद होते. तिथे १०० टक्के पुरेसे होते. फोनवर दोष संपर्काच्या चौकटीतल्या एका लांब, न तुटणाऱ्या वेबपत्त्याचा होता. फ्लेक्समधला घटक आपल्या आतल्या सर्वांत लांब शब्दापेक्षा आपणहून लहान होत नाही. त्याची किमान रुंदी मूळतः 'ऑटो' असते. घटकाला किमान रुंदी शून्य दिली आणि मजकुराला 'ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर', म्हणजे लांब शब्द गरजेप्रमाणे कुठेही तोडण्याची मुभा, दिले. याच्याऐवजी 'ब्रेक-वर्ड' दिले असते, तर घटकाची किमान रुंदी मोजताना त्या तोडण्याचा विचार झाला नसता.

इथेही एक जुने ठिगळ होते. मजकुराभोवतीच्या वेष्टकाला कुणीतरी 'ओव्हरफ्लो-एक्स: हिडन' (आडवे बाहेर जाणारे कापून लपवणारा नियम) दिले होते. त्याने सगळे दुखणे झाकले नव्हते, मात्र अभ्यासक्रमाच्या पानावरची, वाचताना सोबत सरकणारी अनुक्रमणिका बंद पाडली होती. 'स्टिकी' घटक आपल्या जवळच्या स्क्रोल होऊ शकणाऱ्या पूर्वजाला धरून चिकटतो, आणि 'हिडन' दिले की वेष्टक स्वतःच तसा पूर्वज बनतो. ते ठिगळ काढताच अनुक्रमणिका पुन्हा चालू झाली. कापणे अगदी गरजेचेच असेल तर 'क्लिप' वापरता येते, त्याने स्क्रोल होणारा डबा तयार होत नाही.

बाकीच्या फटी

फोटोखालची फट साधी होती. चित्र मूळतः ओळीतल्या अक्षरासारखे मानले जाते आणि आधाररेषेवर बसते. आधाररेषेखाली जाणाऱ्या अक्षरांच्या भागांसाठी राखलेली जागा मग चित्राखाली रिकामी दिसते. 'डिस्प्ले: ब्लॉक' दिले की ती जाते.

मधली मोठी पोकळी संपादकात ओढून वर नेलेल्या फोटोची होती. सॉफ्टवेअर अशा वेळी घटकाला 'रिलेटिव्ह' करून वर सरकवते. घटक वर दिसतो, पण त्याची मूळ जागा राखीवच राहते. संगणकावर ती शेजारच्या कॉलममुळे लक्षात येत नव्हती. फोनवर कॉलम एकाखाली एक आले आणि ती उघडी पडली. सरकवणे रद्द करून फोटो खरोखरच वरच्या जागी नेला.

सूचनांच्या पानावरचे विषम अंतर वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेल्या मजकुरातून आले होते. रिकाम्या दिसणाऱ्या ओळी म्हणजे प्रत्यक्षात न तुटणारी एक मोकळी जागा असलेले परिच्छेद होते, आणि प्रत्येकाला स्वतःचे मार्जिन होते. ते हाताने काढावे लागले. याला शॉर्टकट नव्हता.

ठरवलेले नियम आणि अंमलबजावणी

दोन पाने दुरुस्त झाल्यावर उरलेल्या पानांसाठी नियम लिहून काढले. सेक्शनच्या आतली वरची-खालची जागा फक्त सेक्शनच्या पॅडिंगने द्यायची. घटकांमधली जागा पालकाच्या 'गॅप'ने द्यायची. फ्लेक्समधला 'गॅप' २०२१ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत चालतो, त्यामुळे प्रत्येक अपत्याला वेगळे मार्जिन देण्याचे कारण उरले नव्हते. आकडे ८, १६, २४, ४८ आणि ९६ एवढेच, आणि तेही सामाईक सेटिंगमध्ये. स्पेसर ब्लॉक (नुसती मोकळी जागा सोडणारा रिकामा घटक) वापरायचा नाही. मायनस मार्जिन लागलेच, तर ते कशासाठी आहे याची टीप सोबत लिहायची.

अंमलबजावणीत दोन अडथळे आले. संगणकासाठी दिलेली मापे फोन आणि टॅबलेटकडे आपोआप जातात, पण तिथे आधी कुणी हाताने आकडा भरलेला असेल तर तोच टिकतो. त्यामुळे संगणकावर स्वच्छ झालेली पाने फोनवर जुनीच राहिली. प्रत्येक उपकरणाच्या दृश्यात जाऊन ते भरलेले आकडे पुसावे लागले. इथे शून्य भरणे आणि रिकामे करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे समन्वयकांना मुद्दाम दाखवून द्यावे लागले. दुसरा अडथळा कॅशेचा, म्हणजे पानाच्या साठवून ठेवलेल्या प्रतीचा. संपादकात पान बरोबर दिसे आणि बाहेरून जुनेच. अशा वेळी माणूस बरोबर असलेली दुरुस्तीही उलटवतो. साइटचा कॅशे रिकामा करून स्टाइलशीटची फाइल नव्याने तयार करायची, खाजगी विंडोत पाहायचे आणि मगच निष्कर्ष काढायचा, असा क्रम ठरला.

निष्पत्ती

शीर्षकाचा आकार पुन्हा ३६ केला आणि काहीही हलले नाही. नंतर हेडरच्या वर सूचनेची एक पट्टी आली आणि गेली, तरी मांडणी जागेवर राहिली. बॅनरमधली कापलेली डोकी परत आली.

तपासणीसाठी सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी २.१ या २०१८ च्या मार्गदर्शिकेतले दोन निकष घेतले. एक, ३२० पिक्सेल रुंदीत पान आडवे सरकू नये. दोन, वाचकाने ओळींची उंची अक्षराच्या दीडपट आणि परिच्छेदांतले अंतर अक्षराच्या दुप्पट केले तरी मजकूर कापला जाऊ नये. पहिल्या निकषावर साइट खरी उतरली. दुसऱ्यात अभ्यासक्रमांच्या चौकटी अडकल्या, कारण त्यांना ठरावीक उंची दिलेली होती. उंचीऐवजी किमान उंची दिल्यावर त्या मजकुराप्रमाणे वाढू लागल्या. त्याच निमित्ताने शीर्षकांच्या ओळींची उंची १.१ वरून १.४ केली. देवनागरीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना भिडतात. लॅटिन अक्षरांसाठी बनवलेल्या टेम्प्लेटमध्ये याचा विचार क्वचितच असतो.

वेगळे काय करता आले असते

प्रतीवरची सगळी ठिगळे एका दमात काढली गेली. त्यामुळे पान इतके विस्कटले की कोणते ठिगळ कोणत्या दुखण्यावर होते, हे पुन्हा जुळवण्यात वेळ गेला. आधी प्रत्येक रुंदीचे स्क्रीनशॉट घेऊन आणि ठिगळांची यादी लिहून, एकेक काढत जाणे जास्त बरे झाले असते. स्क्रीनशॉट असते तर दुरुस्तीनंतर तुलना करायलाही ते उपयोगी पडले असते.

नियम फक्त लिहून ठेवले, ते सॉफ्टवेअरमध्ये बसवले नाहीत. मजकूर भरणाऱ्या एका नव्या व्यक्तीने काही आठवड्यांतच अंतर वाढवण्यासाठी एंटर दाबून रिकाम्या ओळी घातल्या. तिचा दोष नव्हता, तिच्यासमोर दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता. संपादकाच्या भूमिकेला स्पेसर आणि मार्जिनचे पॅनेल दिसणारच नाही अशी व्यवस्था त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. ती पहिल्याच दिवशी लावायला हवी होती आणि आता लावली आहे.

शीर्षकाचा आकार तात्पुरता मागे नेण्याच्या निर्णयावर दोघांचे अजूनही एकमत नाही. डिझायनरच्या मते त्या दिवसांत सर्व पानांवर शीर्षकाला थेट दुरुस्ती लावता आली असती. मला समन्वयकांची बाजू पटते. कारण माहीत होण्याआधी चाळीस पानांना एकदम हात लावणे म्हणजे नवे ठिगळच ठरले असते, आणि तीन ओळींचे शीर्षक ही सहन करण्याजोगी अडचण होती.

एक मोकळी जागा मात्र तशीच राहिली आहे. चौकशीचा अर्ज बाहेरच्या सेवेचा असून तो आयफ्रेममध्ये, म्हणजे एका पानात दुसरे पान दाखवणाऱ्या चौकटीत, बसवलेला आहे. दुसऱ्या डोमेनवरून आलेल्या आयफ्रेमच्या आतल्या मजकुराची उंची आपल्या पानाला मोजता येत नाही. आतल्या पानाने ती स्वतःहून संदेश पाठवून कळवली तरच चौकट जुळवून घेता येते, आणि ती सेवा तसे कळवत नाही. उंची कमी ठेवली तर अर्जाच्या आत दुसरा स्क्रोलबार येतो, जास्त ठेवली तर खाली पोकळी राहते. सध्या पोकळी ठेवली आहे, कारण आतला स्क्रोलबार फोनवर बोटाला अडवतो आणि अर्ज अर्धवट सुटतो. सेवा बदलण्याचा विचार पुढच्या प्रवेशकाळानंतर होईल.